टर्बो पेट्रोल इंजिनचं फ्युएल आणि टायमिंग ट्यून करताना आधी काय, मग काय

टर्बो गाडी ट्यून करायची म्हटलं की बहुतेकांचा हात आधी टायमिंगच्या टेबलकडे जातो, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या किती डिग्री आधी ठिणगी पाडायची त्या तक्त्याकडे, दोन डिग्री इथे वाढव, तीन तिथे वाढव, गाडी झकास ओढायला लागते, आणि मग एक दिवस डिपस्टिकच्या नळीतून धूर यायला लागतो. उघडून बघितलं तर पिस्टनची रिंग लँड, म्हणजे रिंगांच्या खाचांमधली कड, तुटलेली. टर्बो इंजिनात पॉवर येते ती बूस्टमधून, म्हणजे सिलिंडरमध्ये कोंबलेल्या हवेतून. टायमिंगने फक्त त्या हवेचा पुरेपूर वापर करायचा असतो. म्हणून क्रम असा ठेवा की आधी मेकॅनिकल तपासणी, मग सेन्सर, मग फ्युएल, आणि टायमिंग सगळ्यात शेवटी.

पुढचं सगळं पोर्ट इंजेक्शनवाल्या (पेट्रोल इनटेकमध्ये फवारणाऱ्या) पेट्रोल इंजिनासाठी लिहितोय, जिथे ईसीयूमधला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला, फ्युएल टेबल आणि इग्निशन टेबल सरळ बदलता येतो, मग तो वेगळा बसवलेला स्टँडअलोन असो की कंपनीचाच रीफ्लॅश केलेला. डायरेक्ट इंजेक्शन आणि टॉर्क मॉडेलवर चालणारे नवीन ईसीयू हा वेगळा विषय आहे, तिथे टायमिंगचा एक आकडा बदलला की ईसीयू टॉर्कचा हिशोब करून थ्रॉटलच मिटवतो, आणि कमी आरपीएमला जास्त लोड टाकला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटायचा धोका असतो. त्या गाड्यांवर २००० आरपीएमच्या खाली फुल बूस्ट मागायचाच नाही, आणि ऑइल एपीआय एसपी दर्जाचं (याच धोक्यासाठी तपासलेलं) घालायचं.

लॅपटॉप उघडायच्या आधी

कॉम्प्रेशन टेस्ट करा. सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत हवेत, एक जरी पडलेला असेल तर ट्यूनिंग तिथेच थांबवा. मग टर्बोच्या इनलेटला बूच लावून पाइपिंगमध्ये जेवढा बूस्ट चालवायचाय तेवढी हवा भरा आणि साबणाचं पाणी मारून जॉइंट बघा. मॅफ सेन्सरवाल्या (आत येणारी हवा मोजणाऱ्या) गाडीत लीक असेल तर मोजलेली हवा बाहेर जाते आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं. मॅप सेन्सरवाल्या (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) गाडीत लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा (१ म्हणजे नेमकं, कमी म्हणजे रिच, जास्त म्हणजे लीन), बरोबर दिसतो त्यामुळे लीक लपून राहतो, पण टर्बोला तोच बूस्ट बनवायला जास्त फिरावं लागतं आणि हवा तापते, आणि मग तुम्ही कारण नसताना टायमिंग कमी करत बसता.

क्रँककेस ब्रीदरकडे बरेच जण कानाडोळा करतात. तिथून इनटेकमध्ये ऑइलची वाफ जात असेल तर पेट्रोलचा ऑक्टेन प्रत्यक्षात खाली येतो. ९८ ऑक्टेन टाकून गाडी ९५ सारखी वागतेय असं वाटलं तर इंटरकूलरचा पाइप काढून आत बोट फिरवून बघा, पाणी कुठं मुरतंय ते लगेच कळतं.

प्लग एक किंवा दोन नंबर थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे) घ्या. इथे एक गोची आहे, एनजीकेमध्ये नंबर वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये नंबर वाढला की गरम, त्यामुळे ब्रँड बदलताना आकडा तसाच उचलू नका. गॅप ०.६ ते ०.७ मिमी, कारण दाबाखालच्या दाट हवेत ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं.

फ्युएल प्रेशर रेग्युलेटरचा व्हॅक्यूम पाइप मॅनिफोल्डला स्वतंत्र लावा, बूस्ट गेजबरोबर टी मारून नको. बेस ३ बार असेल तर १ बार बूस्टला रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीत) ४ बार दिसलेच पाहिजेत. हे उभ्या गाडीत दिसत नाही, पुलमध्ये, म्हणजे फुल थ्रॉटलवर आरपीएम चढवताना, लॉग करावं लागतं. वरच्या आरपीएमला ४ चे ३.६ झाले तर पंप किंवा त्याचं वायरिंग कमी पडतंय, आणि तिथे टेबलमध्ये फ्युएल वाढवून भागवणं म्हणजे आजार लपवणं.

सेन्सर खरं बोलतायत का

इंजिन बंद, इग्निशन ऑन. मॅप सेन्सरने आता बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा, समुद्रसपाटीला साधारण १०० केपीए, उंचावर कमी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत हवेचं आणि कूलंटचं तापमान जवळपास सारखंच दिसलं पाहिजे. एवढी साधी तपासणी लोक सोडून देतात आणि मग आठवडाभर टेबलशी झटत बसतात.

हवेच्या तापमानाचा सेन्सर कुठे बसवलाय ते बघा. प्लेनममध्ये (थ्रॉटलनंतरच्या हवेच्या डब्यात) असेल तर तो धातूच्या उष्णतेने तापतो आणि हवा आहे त्यापेक्षा गरम दाखवतो. इंटरकूलरनंतर, थ्रॉटलच्या आधी ही जागा बरी. तापमानाचा परिणाम किती मोठा असतो ते बघा, २० अंशांवरून ६० अंशांवर गेलात की त्याच दाबाला हवा जवळपास १२ टक्के कमी होते. ईसीयूला चुकीचं तापमान मिळालं तर फ्युएल तेवढंच चुकणार.

वाइडबँड सेन्सर, म्हणजे एक्झॉस्टमधून लॅम्डा मोजणारा, टर्बोनंतरच्या डाउनपाइपमध्ये, टर्बोपासून निदान दीड-दोन फूट लांब, आणि टोक खाली राहील असा तिरका, म्हणजे पाण्याचे थेंब त्यात साचत नाहीत. टर्बोच्या आधी लावला तर तिथल्या दाबामुळे आकडा चुकतो आणि उष्णतेने सेन्सरही जातो. आणि त्याच्या आधी कुठेही एक्झॉस्ट लीक नको, बाहेरची हवा आत ओढली जाते आणि इंजिन आहे त्यापेक्षा लीन दिसतं.

एएफआरऐवजी (हवा आणि इंधनाच्या वजनाचं गुणोत्तर) लॅम्डामध्ये विचार करायची सवय लावा. शुद्ध पेट्रोलला लॅम्डा १ म्हणजे १४.७, पण दहा टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला तो १४.१ च्या आसपास आणि ई८५ ला (बहुतांश इथेनॉल) ९.८ च्या आसपास असतो. पंपावर काय मिळालं त्यावर एएफआर बदलत राहतो, लॅम्डा १ मात्र प्रत्येक इंधनाला १ च.

टायमिंग लाइट

ही पायरी सोडाल तर पुढचं सगळं वाया. ईसीयूच्या स्क्रीनवर १२ डिग्री लिहिलंय म्हणजे ठिणगी १२ डिग्रीला पडतेय असं नाही, ईसीयूला फक्त ट्रिगर व्हीलचा (क्रँकबरोबर फिरणाऱ्या दातेरी चाकाचा) सिग्नल दिसतो आणि टीडीसी, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा, कुठे आहे ते तुम्ही सांगितलेलं असतं.

सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० डिग्रीवर लॉक करा. पुलीवरची खूण आधी पांढऱ्या रंगाने ठळक करा, आणि पुली जुनी रबरवाली असेल तर बाहेरची रिंग सरकलेली नाही ना, हे पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून पिस्टन स्टॉपने खात्री करून घ्या. मग पहिल्या सिलिंडरच्या वायरवर टायमिंग लाइट, म्हणजे प्रत्येक ठिणगीला चमकणारा दिवा, लावा. वेस्टेड स्पार्क कॉइल (एका सायकलला दोनदा ठिणगी देणाऱ्या) असतील तर डायलवाला लाइट दुप्पट आकडा दाखवू शकतो, साधा बिनडायलचा वापरा. खूण १० वर येत नसेल तर ट्रिगर ऑफसेट बदलून आणा.

आता खरी परीक्षा, लॉक तसंच ठेवून इंजिन ४००० पर्यंत न्या. खूण जागेवर राहायला हवी. आरपीएमबरोबर सरकत असेल तर ट्रिगरची एज उलटी निवडलीय किंवा सिग्नलला उशीर होतोय. ६००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ३६ डिग्री फिरतो, म्हणजे नुसता ५० मायक्रोसेकंदांचा उशीर १.८ डिग्री खातो. नॉकच्या (मिश्रण आपोआप स्फोटासारखं पेटण्याच्या) काठावर चालणाऱ्या इंजिनाला एवढा फरक पुष्कळ झाला.

झालं की लॉक काढायला विसरू नका, १० डिग्रीवर लॉक ठेवून पुल मारला तर एक्झॉस्ट लालबुंद होतो.

इंजेक्टर

दोन गोष्टी लागतात, फ्लो आणि डेड टाइम. साइझचा अंदाज असा काढा : ३०० हॉर्सपॉवर, चार इंजेक्टर, टर्बोसाठी दर हॉर्सपॉवरला तासाला ०.६ पाउंड पेट्रोल, आणि ड्यूटी (इंजेक्टर उघडा राहायच्या वेळेचा वाटा) ८५ टक्क्यांच्या वर न्यायची नाही, तर प्रत्येकी तासाला साधारण ५३ पाउंड म्हणजे मिनिटाला ५५० सीसीच्या आसपास. ड्यूटीचं गणित पण सोपं आहे, ६५०० आरपीएमला एक पूर्ण सायकल साडेअठरा मिलिसेकंदांची, त्यामुळे साडेपंधरा मिलिसेकंदांच्या वर पल्स गेली की हद्द आली समजा.

डेड टाइम म्हणजे करंट दिल्यापासून इंजेक्टर उघडेपर्यंत वाया जाणारा वेळ, व्होल्टेज पडलं की तो वाढतो. आयडलला एकूण पल्स २ मिलिसेकंद आणि त्यातला १ डेड टाइम असेल तर ०.२ ची चूक म्हणजे फ्युएलमध्ये वीस टक्क्यांची चूक, तीच फुल बूस्टला दोन टक्के पण नसते. म्हणून आयडलला गाडी कधी रिच कधी लीन करत असेल तर टेबल खरवडू नका, आधी हेडलाइट, पंखा, काचेचा हीटर सगळं चालू करून व्होल्टेज पाडा आणि लॅम्डा बघा. तो हलला तर डेड टाइमचा कर्व्ह चुकलाय.

फ्युएल, आधी बिनबूस्टचं

लॅम्डाचं क्लोज्ड लूप करेक्शन (ईसीयूचं स्वतःहून फ्युएल सुधारणं) बंद करा, नाहीतर तुम्ही एकीकडून ओढताय आणि ईसीयू दुसरीकडून. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. आयडल आणि क्रूझला लॅम्डा १ धरा, कॅम मोठे असतील तर आयडलला ०.९५ वर इंजिन जास्त शांत चालतं.

टेबलचा एक सेल दुरुस्त करायचं सूत्र एकच आहे, जुना व्हीई (सिलिंडर हवेने किती टक्के भरतो तो आकडा) गुणिले मोजलेला लॅम्डा भागिले हवा असलेला लॅम्डा. समजा ४२०० आरपीएम, १८० केपीएला व्हीई ७८ आहे, पाहिजे ०.८०, मिळतोय ०.८६. तर ७८ × ०.८६ ÷ ०.८०, म्हणजे ८४. पण हा ८४ लगेच एकाच सेलमध्ये कोंबू नका, आजूबाजूचे सेल पण बघा. खरं इंजिन सपाटीने श्वास घेतं, व्हीईच्या टेबलमध्ये मध्येच टेकाड किंवा खड्डा दिसला तर दहापैकी नऊ वेळा लॉगमध्येच घोळ असतो. आणि एक, एक्झॉस्ट सेन्सरपर्यंत पोचायला वेळ लागतो, त्यामुळे लॉगमधला लॅम्डा थोडा मागचा असतो, कमी आरपीएमला जास्तच. थ्रॉटल हलत असतानाची नोंद धरूच नका.

ऑटोट्यून (लॉगवरून टेबल आपोआप दुरुस्त करणारं) वापरलं तरी हरकत नाही, फक्त बूस्टच्या भागात ते बंद ठेवा.

बूस्टचं फ्युएल

बूस्ट कंट्रोल सोलेनॉइडची ड्यूटी शून्य करा, म्हणजे फक्त वेस्टगेटच्या (एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगवर जेवढा बूस्ट येतो तेवढाच. बूस्ट कट त्याच्या थोडा वर लावा. स्प्रिंग ०.५ बारची आणि गाडी वरच्या आरपीएमला ०.९ दाखवतेय, असं झालं तर वेस्टगेट लहान पडतोय, आधी तो सोडवा.

टायमिंग मुद्दाम कमी ठेवा. चार व्हॉल्व्हचं हेड, ९ च्या आसपास कॉम्प्रेशन आणि चांगलं पेट्रोल असेल तर १०० केपीएला (म्हणजे शून्य बूस्टला) मधल्या आरपीएमला २२-२४, १५० ला १५-१६, २०० केपीएला ८-९, आणि वरच्या आरपीएमकडे जाताना सहा-सात डिग्रीची चढण. हे आकडे नुसते सुरुवातीचे, तुमच्या इंजिनाचे नव्हेत. दुसऱ्याच्या गाडीचा फाइन ट्यून मॅप आपल्या गाडीत टाकणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, त्याचा इंटरकूलर वेगळा, कॅम वेगळे, टीडीसीची खूण पण वेगळी.

लॅम्डाचं टार्गेट १२० केपीएला ०.९२, १५० ला ०.८६, २०० ला ०.८०, त्यावर ०.७८. नुसत्या पॉवरसाठी इतकं रिच लागत नाही, पण जास्तीचं पेट्रोल वाफ होताना सिलिंडर थंड करतं आणि नॉक लांब ठेवतं. ०.७५ च्या खाली मात्र जाऊ नका, ठिणगी नीट पेटवत नाही आणि पेट्रोल सिलिंडरची भिंत धुऊन ऑइलमध्ये उतरतं.

सगळं डायनोवर (पॉवर मोजायच्या यंत्रावर) करा, रस्त्यावर नाही. पहिला पुल ३००० पर्यंत, थांबा, लॉग बघा, दुरुस्त करा, मग ३५००, मग ४०००. बूस्टमध्ये लॅम्डा ०.८८ च्या वर गेला की पाय लगेच उचला, पुल पूर्ण करायची हाव नको.

इथे एक फसवी गोष्ट सांगतो. बूस्ट चढताना लॅम्डा एकदम ०.८० वरून १ कडे उडी मारतो आणि इंजिन अडखळतं, माणूस म्हणतो लीन झालं, फ्युएल वाढवतो, आणि अडखळणं आणखी वाढतं. ते मिसफायर असतं. न पेटलेल्या सिलिंडरमधला ऑक्सिजन तसाच बाहेर जातो आणि वाइडबँडला ऑक्सिजनच दिसतो, त्याला वाटतं लीन आहे. खरं लीन होणं हळूहळू सरकत येतं, मिसफायरची रेघ लॉगमध्ये करवतीसारखी दिसते. प्लगचा गॅप कमी करा, कॉइलचा ड्वेल (चार्ज व्हायला दिलेला वेळ) तपासा.

आता टायमिंग

सिलिंडरमधला दाब टीडीसीनंतर साधारण १४ ते १६ डिग्रीला शिखरावर असेल तर क्रँकला सगळ्यात जास्त टॉर्क मिळतो. तिथवर नेणारा कमीत कमी ॲडव्हान्स म्हणजे एमबीटी. त्यापुढे टायमिंग वाढवलं की टॉर्क वाढत नाही, नुसता दाब आणि उष्णता वाढते. बूस्टमध्ये पंपाच्या पेट्रोलवर बरेचदा एमबीटीच्या आधीच नॉक येतं, म्हणजे तिथे मर्यादा नॉकची.

डायनोला एका आरपीएमवर धरता येत असेल तर सोन्याहून पिवळं. समजा ४००० आरपीएम, १७० केपीए धरलंय. ११ डिग्रीला ३२१ न्यूटन मीटर, १२ ला ३३०, १३ ला ३३६, १४ ला ३३९, १५ ला ३४०. चौदावरून पंधरावर जाऊन मिळाला काय तर एक न्यूटन मीटर. इथे मी १३ ठेवीन. चार न्यूटन मीटर सोडले पण गरम दिवस, खराब पेट्रोल, चढावर भरलेली गाडी या सगळ्याला जागा राहिली. एका वेळी एकच डिग्री, आणि प्रत्येक वेळी हवेचं तापमान आधीच्या पुलइतकं खाली येईपर्यंत थांबायचं, नाहीतर तुम्ही टायमिंग मोजत नाही, तापलेला इंटरकूलर मोजताय.

सगळ्यात कमी टायमिंग कुठे ठेवायचं तर पीक टॉर्कच्या आसपास, कारण तिथे सिलिंडर सगळ्यात जास्त भरतो. त्यापुढे आरपीएम वाढतं, भरणं कमी होतं, जळायला वेळ कमी मिळतो, म्हणून टायमिंग परत चढवत न्यायचं.

नॉक ऐकायचं कसं? ईसीयूचा नॉक सेन्सर असेल तर त्याची फ्रिक्वेन्सी बोअरवरून लावा, ९०० ला पाय गुणिले बोअरची त्रिज्या मिमीमध्ये याने भागलं की किलोहर्ट्झ मिळतात, ८६ मिमी बोअरला ६.७ च्या जवळपास. पण सेन्सर व्हॉल्व्हच्या आवाजालाही नॉक समजू शकतो, म्हणून मी कानावर जास्त विसंबतो. तांब्याच्या नळीचं एक टोक ठोकून चपटं करायचं, भोक पाडून ब्लॉकला बोल्टने आवळायचं, दुसऱ्या टोकाला रबरी नळी आणि ती कानावरच्या इअर मफमध्ये. नेहमीच्या जळण्याचा एकसुरी घरघराट ऐकू येतो, आणि नॉक आलं की त्यातून वेगळाच कोरडा आवाज उठतो, पत्र्यावर बारीक खडी फेकल्यासारखा. एकदा ऐकला की पुन्हा चुकत नाही. ऐकू आला की त्या सेलमधून आणि शेजाऱ्यांतून लगेच ३ डिग्री काढा, १ काढून परत बघू असं नको.

उलटी चूक पण होते. भीतीपोटी टायमिंग फार कमी ठेवलं तर मिश्रण उशिरापर्यंत जळत राहतं आणि उष्णता थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि टर्बाइनवर जाते. टर्बोआधीचं तापमान ९००-९५० अंशांच्या वर रेंगाळत असेल आणि लॅम्डा ठीक असेल तर टायमिंग कमी असण्याची शक्यता बघा.

शेवटी प्लग काढून भिंगाखाली बघा, उजेड चांगला हवा. पांढऱ्या पोर्सेलिनवर मिरपुडीएवढे काळे ठिपके किंवा चमकणारे रुपेरी कण दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे, कानाला काही ऐकू आलेलं नसलं तरी नॉक होतंय. वाकलेल्या इलेक्ट्रोडवर रंग बदललेली रेघ असते, ती वळणाच्या आसपास असेल तर ठीक, खाली प्लगच्या आट्यांपर्यंत उतरली असेल तर टायमिंग जास्त आहे. चारही प्लग ओळीने मांडून बघा, एकच वेगळा दिसला तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर साफ करायला काढा.

बूस्ट वाढवणं आणि कुंपण

स्प्रिंगवर सगळं जुळलं की बूस्ट ०.१-०.२ बारने वाढवा आणि दर वेळी वरचं चक्र परत, आधी लॅम्डा, मग टायमिंग. नवीन लोडच्या ओळीत टायमिंग आधीच कमी लिहून ठेवा, दर पीएसआयला (साधारण ०.०७ बार) एक डिग्री हा सुरुवातीचा ढोबळ हिशोब चालतो.

मग संरक्षण लावा, आणि ते खरंच चालतं का ते मुद्दाम तपासा. हवेचं तापमान ४५-५० अंशांच्या वर गेलं की दर पाच-सहा अंशांना एक डिग्री टायमिंग कमी. कूलंट १०० च्या वर गेलं की तसंच, शिवाय बूस्ट पण कमी. बूस्ट टार्गेटच्या ०.२ बार वर गेला की कट. फ्युएल प्रेशरचा फरक पडला किंवा बूस्टमध्ये लॅम्डा टार्गेटपेक्षा ०.०८ ने लीन राहिला की कट. कट फ्युएलचा असेल तर सगळ्या सिलिंडरला एकदम, एखाद-दुसऱ्यालाच थोडं कमी पोचलं तर तेच लीन होऊन जळतं.

कोल्ड स्टार्ट आणि थ्रॉटल दाबल्यावरचं जास्तीचं फ्युएल हे सगळ्यात शेवटी. मुख्य टेबल बरोबर नसताना थ्रॉटलचं एनरिचमेंट लावत बसलात तर त्याला अंत नाही. थंड इंजिनाची दिवसातून एकच संधी मिळते, रात्रभर गाडी उभी ठेवा, सकाळी एक बदल, परत उद्या.

फाइल सेव्ह करताना नावात तारीख, पेट्रोलचा ऑक्टेन आणि स्प्रिंगचा बूस्ट लिहा, आणि त्या मॅपचा शेवटचा लॉग त्याच फोल्डरमध्ये ठेवा. पुढचा गरम मोसम आला की तोच पुल परत मारून दोन्ही लॉग एकावर एक टाकून बघा, हवेच्या तापमानानुसार टायमिंग आपोआप खाली आलं आणि लॅम्डा जागेवर राहिला तर मॅपला हात लावू नका.